जुन्या साड्यांच्या वाकळा (म्हणजे गोधड्या) शिवून घेतल्या, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या मावशींकडनं (अनुभव, रेट आणि थोड्या तक्रारी)

आधीच सांगते, नाव आणि नंबर टाकणार नाही. मावशींनीच सांगितलंय, तू काय ते लिही पण माझं नाव नको घालू, आत्ताच एवढं काम झेपंना झालंय आणि परत मुंबई-पुण्याचे फोन सुरू झाले की गावातल्या लोकांना नाही म्हणायची पाळी येते. शिवाजी पेठेत चार घरी विचारलं की कुणीतरी दाखवतं. पाटी वगैरे काही नाही, तळमजल्यावरची एक लांबट खोली, भिंतीला लावून ठेवलेली गाठोडी, प्रत्येक गाठोड्याला टाचणीनं चिठ्ठी, आणि चपला काढायला आत जागा नाही म्हणून सगळ्यांच्या चपला पायरीवर.

मी घरासाठी एक मोठी डबल वाकळ, लेक पुण्याला हॉस्टेलला असते तिच्यासाठी एक सिंगल आणि नणंदेच्या मुलीला बाळ झालं त्याच्यासाठी दुपटी एवढं करून घेतलं. सगळं वापरून, धुऊन, परत वापरून झालंय म्हणून आत्ता लिहितेय, कारण हातात आल्या आल्या नवीन वाकळ सगळ्यांनाच आवडते, खरी परीक्षा पहिल्या धुण्यात होते.

खरं तर आमच्यात हे काम बाहेर द्यायची पद्धतच नव्हती. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे आत्या म्हणतो, शिमगा झाला आणि ऊन तापायला लागलं की दुपारची जेवणं उरकून सोप्यात अंथरूण घालायच्या, शेजारच्या दोघी-तिघी सुई घेऊन यायच्या आणि पाऊस लागायच्या आत दोन तरी वाकळा हातावेगळ्या व्हायच्या. आता त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नजर तशी बरी आहे पण गुडघ्यांमुळं खाली मांडी घालून बसता येत नाही, आणि वाकळ ही खाली बसूनच शिवायची गोष्ट, टेबलावर होत नाही ती. मला शिवायला येतं का विचारू नका, ब्लाऊजचं हुक लावते तेवढंच. त्यामुळं कपाटात आत्यांची लुगडी, माझ्या साड्या, ह्यांचे शर्ट असं सगळं साठत गेलं, बोहारणीला द्यायचं म्हटलं की आत्या म्हणायच्या राहू दे, आणि राहायचं.

तर दसरा झाल्यावर दोन मोठी गाठोडी बांधून गाडीवरनं घेऊन गेले. आणि इथंच मला ही सर्व्हिस काय आहे ते कळलं. मला वाटलेलं गाठोडं ठेवायचं, साइज सांगायची, ॲडव्हान्स द्यायचा आणि यायचं. मावशींनी गाठोडं सोडायला लावलं, एकेक कापड उजेडात धरलं, दोन्ही अंगठ्यांनी मधोमध ताणून बघितलं (विरलेलं असेल तर बारीक चर्र असा आवाज येतो, मला पण ऐकवला) आणि तीन ढीग लावले. एक वरच्या बाजूला घ्यायचं, एक आत घालायचं, आणि एक परत न्यायचं. परत न्यायचा ढीग सगळ्यात मोठा झाला! त्यात माझ्या सगळ्या आहेराच्या साड्या, तुम्हाला माहितीच आहेत त्या, ज्या नेसत कुणी नाही आणि एका लग्नातनं दुसऱ्या लग्नात फिरत असतात, जॉर्जेट, नायलॉन, ते चमकणारं सिल्क म्हणून देतात पण सिल्क नसतं ते. मी म्हटलं मावशी आत तर घालायच्यात, कुणाला दिसणार आहेत. त्या म्हणाल्या, "दिसणार न्हाईत पण सरकणार की. सुती कापड सुती कापडाला धरून ऱ्हातंय, हे निसटतंय. दोन धुण्यात आत गोळा हुतोय बघ, मग माझ्याच नावानं शंख."

आणि दुसरं कारण त्यांनी सांगितलं ते म्हणजे घाम. सुती कापड घाम पितं, नायलॉन पीत नाही, आतला एक जरी थर तसला असला तरी रात्री पांघरूण चिकट वाटतं आणि आपण म्हणतो वाकळ गरम होते. जीन्स पण नाही घेतली, जड होते आणि वाळत नाही म्हणून. ह्यांच्या शर्टाचा खिसा लेकीच्या वाकळेवर तसाच ठेवा म्हणून मी फार मागं लागले, मोबाईल ठेवायला बरं म्हणून, तर खिशाखाली टाका बसत नाही आणि धुताना तिथंच फाटतं म्हणून तेही नाही. आत्यांच्या एका लुगड्याला जरीचा काठ होता तो बघितल्या बघितल्या कातरीनं उतरवून माझ्या हातात दिला, जर टोचते आणि पोराबाळांच्या अंगावर ओरखडे उठतात म्हणे.

आता काही लोकांना हे आवडणार नाही, गिऱ्हाईकाला एवढं नाही नाही म्हणतात म्हणून. माझ्या जावेला नाहीच आवडलं, ती तिच्या साड्या घेऊन एका ऑनलाइनवाल्याकडं गेली, तिथं सगळं घेतात, काहीही द्या, आणि आत मऊ कृत्रिम कापूस भरून वरनं मशीन मारून कुरिअरनं पाठवतात. दिसायला तिची माझ्यापेक्षा दहापट छान, फोटोत तर एकदम हॉटेलसारखी. फक्त एकदा वॉशिंग मशीनला लावली आणि आतला कापूस एका कोपऱ्यात जाऊन बसला, आता ती सोफ्याच्या पाठीवर शोभेला आहे. मला मावशींचं नाही म्हणणंच पटलं, पैसे मी त्याचेच दिले असं म्हणा. शिवणाऱ्या बायका बऱ्याच मिळतील, काय शिवायचं नाही हे सांगणारी बाई मिळत नाही.

सगळं सुती असण्याचा फायदा तर पुरात आम्ही डोळ्यांनी बघितलाय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात लहान पोराला पण पाठ असतं, आणि २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा ४३ च्या कुठल्या कुठं वर गेलेली. माझी चुलत नणंद शाहूपुरीत कुंभार गल्लीत राहते, ती माणसं दोन्ही वेळा आमच्याकडं आली, घरात पाय ठेवायला जागा नाही, दर माणशी एक वाकळ, पोरांना दोघांत एक, आणि तरी माळ्यावरनं आत्या काढतच होत्या. पाणी उतरल्यावर तिच्या घरी आम्ही सगळे साफसफाईला गेलो तर फोमच्या गाद्या, उशा, ते जाड केसाळ ब्लँकेट, सगळं चिखलानं भरून दगडासारखं झालेलं, रस्त्यावर ढीग टाकला त्याचा. वाकळा मात्र निघाल्या. वेळ लागला, कितीतरी पाण्यातनं काढाव्या लागल्या, डेटॉल घातलं, वाळवायला आमच्या गच्चीवर आणल्या, पण निघाल्या, कारण आत बाहेर सगळं नुसतं सुती कापड आणि दोरा, कुजायला फुगायला दुसरं काही नव्हतंच. त्यामुळं मी वाकळ घेताना पहिला प्रश्न हाच विचारते, बादलीत बुडवता येते का.

बरं आता शिवणकामाबद्दल. मावशी स्वतः बेतून देतात, थर लावतात, मोठे मोठे कच्चे टाके घालून ठेवतात आणि मग ती वाकळ करवीर तालुक्यातल्याच एका गावात बायकांकडं जाते. नऊवारी लुगडं असेल तर काम सोपं, एवढं लांब कापड सलग मिळतं की वरचं आणि खालचं दोन्ही एकातनं निघतं, बसण्याच्या जागचा विरलेला भाग तेवढा काढून टाकतात. पाचवारीला जोड द्यावा लागतो. हातशिलाई म्हणजे साधा धावदोराच, कडेपासून सुरू करायचं आणि चौकोन आत आत घेत मधे यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा सुतीच वापरतात. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून लोकांना भारी वाटतो, पण जुनं मऊ कापड तो हळूहळू कापत जातो असं मावशींचं म्हणणं आणि आत्यांनी त्यावर मान हलवली, म्हणजे ते खरं असणार, कारण आत्या सहसा कुणाच्या म्हणण्यावर मान हलवत नाहीत.

मशीनची पण शिवून देतात, स्वस्त पडते आणि लवकर मिळते. खोलीत दोन्ही ठेवलेल्या हात लावून बघायला. मशीनची वाईट नाही, पण पुठ्ठ्यासारखी ताठ राहते, अंगाभोवती बसत नाही, खाली अंथरायला घेत असाल तर तीच घ्या, उगाच जास्त पैसे घालवू नका. पांघरायला मात्र हाताचीच.

घरी आणली त्या दिवशी आत्यांनी इन्स्पेक्शन केलं. आधी उलटी करून बघितली, गाठी दिसतात का. मग जमिनीवर पसरायला लावली आणि मधे कुठं फुगा येतो का ते पायानं दाबून बघितलं. मग चारही कोपरे ओढले. आणि मग एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाल्या, "हितनं फुडं दुसरी बाई बसलीया." मला काही दिसंना, चष्मा लावून बघितलं तर खरंच, तिथपर्यंत टाका तांदळाएवढा बारीक आणि पुढं अर्ध्या बोटाएवढा. मी दुसऱ्या दिवशी मावशींना फोन करून विचारलं तर त्या हसायलाच लागल्या, व्हय म्हणाल्या, पहिलीची सून बाळंत झाली मग दुसरीनं पुरी केली. तर ज्यांना एकसारखी शिलाई पाहिजे त्यांनी हे लक्षात घ्या, हाताच्या कामात हे चालायचंच, मला त्याचं काही वाटत नाही, आत्यांना वाटतं.

तक्रारी आहेत, त्या पण लिहिते.

सगळ्यात मोठी म्हणजे उशीर. दिवाळीला घेऊन जा म्हणालेल्या आणि मार्गशीर्ष संपत आला तरी "आता झालीच की" चालू होतं. कारण पण खरं आहे, दसरा-दिवाळीला भातकापणी येते, तिकडं ऊसतोड सुरू होते, शिवणाऱ्या सगळ्या शेतकरी घरातल्या, त्या सुई धरतील की विळा धरतील. पण मग दसऱ्याला ऑर्डर घेताना तसं सांगावं की सरळ, थंडी अर्धी गेल्यावर वाकळ हातात येऊन काय उपयोग. लेक तर तोपर्यंत मैत्रिणीच्या ब्लँकेटमधे झोपत होती.

दुसरं, पावती नाही. सगळं तोंडी, आणि त्या चिठ्ठीवर आडनाव आणि काय काय दिलं ते. माझ्या बाबतीत काही हरवलं नाही, उलट उरलेलं कातरण पण गाठोडं बांधून परत दिलं, त्याची पायपुसणी होतील म्हणून. पण आईची, आजीची लुगडी माणूस देतो तेव्हा काहीतरी लिहून मिळालं तर बरं वाटतं. मी माझ्या मोबाईलमधे सगळ्या कपड्यांचे फोटो काढून ठेवलेले, तुम्ही पण काढा.

तिसरं, रंग. माझ्या एका लाल साडीची पट्टी कडेला लावलेली तिचा रंग पहिल्या धुण्यात गेला आणि शेजारचा पांढरा तुकडा गुलाबी झाला. एवढं तपासून घेतात तर ओलं फडकं घासून रंग पण बघायला हवा होता. सांगितल्यावर त्यांनी काही वाद घातला नाही, तो तुकडा उसवून दुसरा लावून दिला, पैसे नाही घेतले.

आणि पार्किंगचं तर बोलायलाच नको, चारचाकी नेऊच नका.

रेट असे होते, कापड आपलं धरून: डबल हातशिलाई २२०० रुपये, सिंगल १४००, दुपटं ३५०. मशीनची साधारण निम्म्यात. कापड त्यांचं पाहिजे असेल तर इचलकरंजीचं सुती कापड असतं त्यांच्याकडं, त्याचे वेगळे पैसे, आणि नवीन कापड आधी भिजवून वाळवूनच घेतात कारण ते पहिल्या पाण्यात आटतं, आतलं जुनं कापड आटत नाही, मग वाकळ चुरगळल्यासारखी दिसते. महाग वाटतंय का? मला नाही वाटलं. कडेपासून मधापर्यंत किती टाके होत असतील याचा नुसता विचार करा, आणि मॉलमधे २२०० ला काय येतं ते पण बघा.

लेकीची वाकळ मावशींनी मुद्दाम तीनच थरांची केली, घरची पाच थरांची आहे. हॉस्टेलला वाळवायला जागा नसते हे त्यांना न सांगता ठाऊक होतं, बऱ्याच पोरी जातात म्हणे इथनं वाकळ घेऊन. तिची साधी आहे, एका बाजूला आत्यांचं हिरवं लुगडं, दुसऱ्या बाजूला तिचे लहानपणचे सुती फ्रॉक आणि ह्यांचे रेघांचे शर्ट. तिचा रिव्ह्यू असा आला: "मम्मी ही ब्लँकेटपेक्षा जड आहे पण पंखा फुल ठेवून पांघरता येते." पंखा फुल कशाला ठेवायचा आणि वर पांघरायचं कशाला हे मला अजून समजलेलं नाही, ह्यांनी पण विचारलं, उत्तर नाही. रूममेटनं पण ऑर्डर देऊ का विचारलंय.

दुपटी मात्र सगळ्यात सुंदर झाली. जुन्या धुवट मऊ कापडाची, दोनच थर, काठाला लुगड्याचा बारीक सुती काठ फिरवलेला. नणंदेनं बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची सगळं घातलेलं, पण आलेल्या बायका उचलून बघत होत्या ते दुपटंच. बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर झोपेत सुटं पांघरूण घालायचं नाही, म्हणून आम्ही ती मांडीवर घेताना आणि जागेपणी खाली घालायलाच वापरतोय. आणि बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या नको, आत्या कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवतात तेच बरं.

धुण्याबद्दल लोक फार विचारतात म्हणून सांगते. डबल मशीनला लावूच नका, कोरडी आत मावते पण पाणी प्यायली की ड्रम फिरत नाही. आमच्याकडं वर्षातनं एकदा घटस्थापनेच्या आधी सगळं अंथरूण-पांघरूण निघतं, पूर्वी पंचगंगेच्या घाटावर नाहीतर रंकाळ्याला धुण्याच्या चावीवर जायचो, त्या दिवसांत तिथं सगळ्या गावाच्या वाकळा वाळत पडलेल्या असायच्या. आता गच्चीवरच पाईप लावून पायानं तुडवून धुतो, पोरांना हे काम सांगावं लागत नाही. पिळायची नाही, टाके तटतटतात. कठड्यावर आडवी टाकून पाणी निथळू द्यायचं आणि मग वाळवताना दोन दोऱ्यांवर टाकायची, एका दोरीवर टाकली की ओल्या वजनानं मधे ताणते. आणि मधल्या काळात आठ-पंधरा दिवसांनी नुसतं ऊन दाखवलं तरी चालतं. आषाढ-श्रावणात ओली करायचीच नाही, आठवडाभर वाळत नाही आणि मग जो कुबट वास बसतो तो भाद्रपदातल्या उन्हाशिवाय जात नाही.

घोंगडं घ्यावं की वाकळ असं भाऊजींनी विचारलेलं. त्यांनी पट्टणकोडोलीच्या यात्रेतनं घोंगडं आणलंय, पावसात शेतावर जायला त्याला तोड नाही, पण घरात पांघरायला टोचतं. सोलापुरी चादर उन्हाळ्यात पहाटे पांघरायला झकास, थंडीत पुरत नाही.

द्यायचीच असेल ऑर्डर तर होळी झाली की जा. चैत्र-वैशाखात बायका मोकळ्या असतात आणि काम भरभर होतं, मृग निघायच्या आत हातात मिळते. पावसाळ्यात त्या घेतच नाहीत, कापडाला ओल धरते म्हणून. जाताना साड्या धुऊन, फॉल उसवून, इस्त्री न करता न्या. ॲडव्हान्स निम्मा, जीपे चालतं, पण ते त्यांच्या मुलाच्या नंबरवर आहे आणि तो सात वाजल्यानंतर घरी असतो.